बिनघोर इन्फोटेकची निवड

१३ जानेवारी
सकाळी मुख्य कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. निळा स्क्रीन, वर इंग्रजीत दिलगिरी. आमच्या वधू-वर सूचक केंद्राचं सगळं त्यातच: नावं, फोटो, शिक्षण, अपेक्षा. ९ फेब्रुवारीला कर्वेनगरच्या हॉलमध्ये परिचय मेळावा. घाबरलो नाही. फक्त खाली जाऊन पुन्हा पुन्हा चहा घेतला.

नंदा म्हणाली, दीक्षाला विचारा, पोटची मुलगी आयटीत असताना बाहेर कशाला शोधता. मी म्हणालो, ती खराडीत मोठ्या कंपनीत आहे, तिला असली किरकोळ कामं सांगणं बरं दिसत नाही. खरं कारण नंदालाही माहीत आहे. दिवाळीत मी दीक्षाला न विचारता तिचा बायोडाटा केंद्रात घातला, तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. चूक तिची आहे. कळेल तिला.

निश्चय: ऐऱ्यागैऱ्याला बोलवायचं नाही. वर्षाचा करार करून एक भरवशाची आयटी सपोर्ट कंपनी नेमायची. शास्त्रशुद्ध पद्धतीने. सरकारी नोकरीत जन्म टेंडरं उघडण्यात गेला आणि निवृत्तीनंतर माणसं पारखण्यात. माझी निवड चुकत नाही.

१५ जानेवारी
पहिली मुलाखत. एका कंपनीच्या मालक उत्कर्षाताई स्वतः आल्या, मांजरी गावाहून, स्कूटरवर. आल्या आल्या विचारलं, बॅकअप कुठे आहे? मी म्हणालो, आधी आपण पाणी घ्या. पाणी प्यायल्या, पुन्हा तोच प्रश्न. बॅकअप नाही म्हटल्यावर म्हणाल्या, डिस्क गेली असावी, आता कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, नाहीतर आहे तेही जाईल. मी परवापासून तेच करत होतो, पण ते सांगायची गरज वाटली नाही.

जाताना जुन्या ग्राहकांचे नंबर देऊन गेल्या. म्हणाल्या, आमच्याबद्दल यांना विचारा, आणि तक्रार केल्यावर किती वेळात यायचं ते करारात लिहून घ्या, आमच्याकडून किंवा आणखी कोणाकडून. इतकं सरळ कोण बोलतं? कुठेतरी पाणी मुरतंय. शिवाय स्वभाव तापट वाटला. नापसंत. नंबरांना फोन केले नाहीत.

१८ जानेवारी
कंपनी सापडली. बिनघोर इन्फोटेक. मालक राकेश. तिशीच्या आतला, बी.ई., उंच, कडक इस्त्रीचा शर्ट. बॅकअपबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हणाला, काका, टेन्शनच घेऊ नका, सगळं क्लाउडवर टाकू. माझ्या आणि नंदाच्या पाया पडला. आपल्यातलाच आहे. आई शिक्षिका, वडील बँकेत, एकुलता एक, स्वतःचा फ्लॅट पार्किंगसह, अविवाहित. ही माहिती मी कंपनीच्या स्थैर्याचा अंदाज यावा म्हणून विचारली.

नंदाने नंतर विचारलं, कॉम्प्युटर कधी चालू होणार ते विचारलंत का? पहिल्याच भेटीत तसं विचारणं बरं दिसलं नसतं. करार झाला. राकेश डिस्क काढून घेऊन गेला.

२३ जानेवारी
राकेश फोन उचलत नाही. व्हॉट्सॲपवर आपोआप उत्तर येतं: डिअर कस्टमर, तुमच्या तक्रारीचं तिकीट रेज झालं आहे. तिकीट निघालं म्हणजे गाडी येणारच.

पालकांचे फोन सुरू. नंदा प्रत्येकाला सांगते, सिस्टीम अपग्रेड होतेय. सांगताना माझ्याकडे बघते.

२६ जानेवारी
राकेश घरी आला. दीक्षाही आली. दोघांना मीच एका वेळी बोलावलं होतं, हा निव्वळ योगायोग. दीक्षाने विचारलं, डिस्क रिकव्हरीला कुठे दिलीय? राकेश म्हणाला, टीम बघतेय. तिने विचारलं, टीममध्ये कोण कोण आहे? राकेशने भजं उचललं. मी मध्ये पडून त्याला ट्रेकिंगची आवड आहे का विचारलं. दीक्षा उठून आत गेली.

तो गेल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्ही कंपनी नाही निवडलीत. जावई निवडलाय."

हा आरोप अत्यंत खालच्या पातळीचा आहे. ती म्हणाली, अजून वेळ आहे, डिस्क परत मागा आणि त्या मांजरीच्या बाईंना फोन करा. म्हणजे नंदाने तिला सगळं सांगितलेलं दिसतं. मी म्हणालो, करार म्हणजे करार. दीक्षा न जेवता गेली. भजी खूप उरली.

४ फेब्रुवारी
झोप नाही. मंडईत गेलो तर समोरून एका नवऱ्यामुलाचे वडील येताना दिसले. कोबीच्या ढिगाआड उभा राहिलो. बराच वेळ. भाजीवालीने विचारलं, कोबी घेताय की राखताय? घेतला. नंदाने मेथी सांगितली होती.

७ फेब्रुवारी
डेटा आला! राकेशने कुरिअरने पेनड्राइव्ह पाठवला. नावं आहेत, फोटो आहेत. नंदा म्हणाली, एकेक उघडून तपासू. मी म्हणालो, असा अविश्वास दाखवला की माणसं दुरावतात. शिवाय खुर्च्यांचं बघायचं होतं.

९ फेब्रुवारी
लिहवत नाही. तरी लिहितो.

हॉल भरलेला. मोठा पडदा. पहिलं नाव एका इंजिनियर मुलाचं, फोटो शालू नेसलेल्या मुलीचा. लोक हसले. मीही हसलो, मुद्दाम केलंय असं वाटावं म्हणून. मग पूर्वाचा फोटो आला. मांजरीच्या कुसुमताईंची मुलगी. नवऱ्यामागे कुसुमताईंनी शिवणकाम करून तिला बी.कॉम. केली. फोटोखाली लिहिलं होतं: वय ५८, विधुर, मधुमेह नियंत्रणात, पथ्याचा स्वयंपाक येणारी हवी. हॉलमध्ये एकच हशा. पूर्वा पुढेच बसली होती. तिने ओढणी तोंडावर घेतली.

मी राकेशला फोन लावत राहिलो. पडदा बंद करावा हे मला सुचलं नाही. दीक्षा कधी आली होती कोणास ठाऊक. तिने प्रोजेक्टरची वायर ओढली आणि जाऊन पूर्वाशेजारी बसली.

कुसुमताई स्टेजपाशी आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"साहेब, तुमच्याकडं इज्जत राखत्यात असं ऐकलं, म्हणून नाव घातलं. तेवढा लेकीचा फोटू परत द्या."

पेनड्राइव्ह माझ्या हातात होता. त्यातून फोटो काढून कसा देतात, मला माहीत नव्हतं.

१० फेब्रुवारी
राकेशचा मेसेज: तुमचं तिकीट क्लोज करण्यात आलं आहे. आमच्या सेवेला किती स्टार द्याल?

११ फेब्रुवारी
दीक्षाने रजा टाकली. ती, नंदा आणि मी सकाळपासून एकेका घरी फोन करतोय. माफी मागायची, माहिती विचारायची, फोटो पुन्हा मागवायचा. मी 'तांत्रिक अडचण' म्हणत होतो. दीक्षा नुसती ऐकत होती. कुसुमताईंच्या वेळी तसं म्हणवलं नाही. म्हणालो, चूक माझी झाली. त्या म्हणाल्या, पूर्वाचं नाव काढून टाका. काढलं.

दीक्षाचंही काढलं. यादी सुटसुटीत व्हावी म्हणून. दीक्षाने चहा केला, माझ्यासाठीही.

१३ फेब्रुवारी
निश्चय: उत्कर्षाताईंना नेमायचं. आमच्यासारखा ग्राहक आपण होऊन येतोय म्हटल्यावर त्यांना आनंदच होईल. फोन केला. शांतपणे बोलल्या. तापट मुळीच नाहीत. म्हणाल्या, नवा ग्राहक घेण्याआधी आम्हीही थोडी चौकशी करतो. मेळाव्याला आमच्या मांजरीची बरीच मंडळी आली होती, त्यांच्याशी बोलते. मी विचारलं, मग पक्कं कधी समजायचं?

"कळवते," म्हणाल्या.

या शब्दाचा अर्थ मी रोज मुलींच्या आईवडिलांना समजावतो. मुलाकडचे 'कळवतो' म्हणाले की फोनची वाट बघत बसू नका, दुसरं स्थळ बघा.

मोबाईल आवाज मोठा करून समोर ठेवलाय. संध्याकाळ झाली. मांजरीला रेंजचा प्रॉब्लेम असेल.