बेलाच्या पानांना तेल

१० ऑगस्ट, शनिवार
सोमवारी महाराज पाद्यपूजेला येणार. सासूबाईंची नुसती धावपळ! "अनुपमा, बेल कसा धुळकट दिसायलाय गं!" कुंडीतला हा बेल सासऱ्यांनी शेवटच्या वर्षी लावलेला, सासूबाईंचा जीव त्याच्यात. मी गुपचूप फडक्यावर गोडंतेल घेतलं, एकेक पान खालून-वरून पुसलं. काय चकाकलं झाड! फडकं धुण्यात टाकलं.

१२ ऑगस्ट
महाराज म्हणाले, "भक्तीचं तेज हाय पानांवर." सासूबाई रडल्या. मला हसू आलं.

१७ ऑगस्ट
पानं पिवळी पडून गळायलीत. सासूबाईंनी सरजाबाईंना धरलं. बारा वर्षं आमची धुणीभांडी करतात त्या! "तूच हात लावलीस. बेलाला कुणाचाबी हात चालत न्हाई!" कुणाचाबी म्हणजे कुणाचा, ते तिघींनाही कळलं. सरजाबाईंनी माझ्याकडं पाहिलं – बराच वेळ. मी कणीक मळत राहिले.
"उद्यापासून येऊ नको."


२० ऑगस्ट, मंगळवार
नववीला पर्णरंध्रं शिकवली. फळ्यावर पान काढलं. पानाच्या खालच्या अंगाला बारीक बारीक छिद्रं, तिथूनच हवा आत-बाहेर. सिद्धोधननं विचारलं, "मॅडम, ती बुजवली तर?"
खडू हातातच राहिला. वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी., तेही फर्स्ट क्लास! आणि घरच्या झाडाचं नाक मीच तेलानं दाबलं. पोरांना म्हणाले, "उद्या सांगते." लाज वाटते, लाज!

२१ ऑगस्ट
आज घरी खरं सांगणार होते. जेवताना सासूबाई खुशीत होत्या. राहू दिलं.

२४ ऑगस्ट
भांडी मीच घासायलेय. भोगा आता कर्माची फळं!

२६ ऑगस्ट, सोमवार
सांगितलं एकदाचं. वाटलं, घर डोक्यावर घेतील. सासूबाई नुसत्या बेलाकडं बघत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "झालं ते झालं. ती गेली ना आता? घरातलं घरात राहू दे."
त्यांचा राग आला. पण नऊ दिवस मी वेगळं काय केलं?

२७ ऑगस्ट
शाळा सुटल्यावर तडक सरजाबाईंच्या घरी गेले. दारातच सगळं बोलून टाकलं, हात जोडले. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ठावं हाय, वैनी. तेलाचं फडकं मीच धुतलं की. त्या दिवशी तुमच्याकडं बघत हुते – म्हणलं, आता बोलतील."