आईच्या पलंगावरची पट्टी

माधवनगर, सांगली
रविवार

प्रिय संयोगिता,

पत्र बघून दचकली असशील. लिहायची सवय मोडली आहे, तेव्हा अक्षर सांभाळून घे. फोन केला असता, पण तो स्पीकरवर असतो आणि तुझी आई शेजारी असते. मेसेज लिहावा तर फोन कायम तिच्याच उशाशी. तुझं काही आलं की आधी ती वाचते, मग मला सांगते. म्हणून दळण आणतो म्हणून बाहेर पडलो आणि कृष्णातच्या वेल्डिंगच्या दुकानात स्टुलावर बसून हे लिहितो आहे. तो बिचारा मशीन बंद करून चहा सांगायला गेलाय.

दर फोनला तू आईच्या पलंगावरच्या पट्टीची चौकशी करतेस. तिची हकीकत तुला नीट सांगायची राहूनच गेली. ऑपरेशननंतर आईला आपली आपण उठून बसता येईना. मी काखेत हात घालून उठवायला गेलो की तिचा पारा चढायचा. "आवं, मला वडून काढायला मी काय गाळातली म्हस हाय व्हय?" माण तालुक्यातली माहेरची भाषा अशा वेळी अजून जशीच्या तशी बाहेर येते. मग मी ठरवलं, उशाकडच्या भिंतीतून एक लोखंडी पट्टी पलंगावर काढायची. ती धरून तिनं उठावं. एक टोक भिंतीत पक्कं, दुसरं मोकळं. जन्मभर तंत्रनिकेतनात कॅन्टिलिव्हर शिकवला, तो घरात बसवायची वेळ आता आली.

तुला आठवतं का, मी टेबलाच्या कडेला फूटपट्टी दाबून धरायचो आणि तू मोकळ्या टोकाला खोडरबर टांगायचीस? पट्टी आडवी असली की लगेच वाकायची, तीच उभ्या कडेवर धरली की हलायची नाही. रुंदी दुप्पट केली तर वाक निम्मा होतो, जाडी दुप्पट केली तर आठवा हिस्सा उरतो आणि लांबी दुप्पट केली तर आठपट वाढतो, हे तू पाढ्यासारखं म्हणायचीस. आई स्वयंपाकघरातून हसायची. मग येऊन आपला हात आडवा धरायची आणि म्हणायची, "लटक बघू हितं." तू दोन्ही हातांनी तिच्या मनगटाला लोंबकळायचीस आणि तो हात वाकायचा नाही. मी कितीदा तरी तिला म्हणालो, हे कुठल्याच सूत्रात बसत नाही.

तर पट्टी. पहिली मी लांब आणि पातळ घेतली. पार पायांपर्यंत यावी असा माझा हट्ट. आईनं एकदा जोर लावला आणि ती वाकली ती वाकलीच. शिकवलेलं सगळं कुठं गेलं होतं कोण जाणे, घाबरलेल्या माणसाचं डोकं चालत नाही. दुसरी आखूड केली, दोन फूट लांब, अर्धा इंच जाड, आणि उभी बसवली. कृष्णात म्हणाला, "सर, हत्ती लटकला तरी हालायची न्हाई." खरंच हालेना. पण आईला ती आवडली नाही. खांद्याला हिसका बसतो म्हणाली. तीच पट्टी आडवी करून घेतली, तेव्हा ती ओढली की टोक जरासं खाली यायचं आणि मग तिला वर घ्यायचं. "आता कसं, माणसावानी हाय," म्हणाली. पुस्तकाप्रमाणे उभी बरोबर होती, पण झोपायचं तिला होतं.

पलंगाच्या बाजूच्या भिंतीवरच्या निळ्या ऑइलपेंटची वरची कड तुला माहीत आहे. पट्टीचं टोक नेमकं त्या कडेजवळ येतं. गणपतीत आई उठायची तेव्हा टोक कडेच्या बोटभर खाली जायचं. मी चहाचा कप घेऊन उभा असायचो आणि मास्तरकीच्या सवयीनं तिकडेच बघायचो. मग ते अर्ध्या बोटावर आलं. आता कड सोडत नाही म्हटलं तरी चालेल.

परवा फोनवर आईनं तुला काय सांगितलं ते मी ऐकत होतो. "संयू, लय बरं वाटतंय. आता पट्टीबी वाकत न्हाई." तू किती खूश झालीस. दिवाळीला आठ दिवस रजा काढून येते म्हणालीस, गुवाहाटीहून तिच्यासाठी शाल आणते म्हणालीस. ती नंतर बराच वेळ माझ्याकडे बघत होती. इतकी वर्षं माझ्यासोबत राहिलेल्या बाईला हे गणित कळत नसेल, असं मला वाटत नाही. तुझी नोकरी नवी आहे, तुला धावपळ नको, एवढंच तिच्या मनात असणार.

पण मला ते झाकता येत नाही, बाळा. पट्टी तीच आहे. लांबी तीच, रुंदी तीच, जाडी तीच. मग वाक का कमी झाला, हे तुला मी सांगायला नको. उचलायला तिच्या अंगात वजन उरलेलं नाही, आणि ओढायला हातात जोरही नाही. हल्ली ती नुसती धरते आणि पाठीमागून मी उठवतो. मिरजेचे डॉक्टरही आता घरीच ठेवा म्हणाले. मला फार भीती वाटते. दिवाळीची वाट बघू नकोस. पत्र हातात पडलं की निघ. मी लिहिलं म्हणून सांगू नकोस, रजा मिळाली म्हण. एकदा तरी तिला पट्टी सोडून तुझा हात धरून उठू दे.

तुझाच,
आप्पा