एकतीस जवान, तेवीस ॲडमिन

१२ ऑक्टोबर २०२४
गावकरी बंधू-भगिनींनो! या गावानं फौजेला एकतीस माणसं दिली. त्यातली नऊ परत आली नाहीत. आणि आज कोरेगावच्या बाहेर आपल्या गावाचं नाव कोणाला ठाऊक नाही! मोबाईलवर शोधलं तर आधी फाट्यावरचा धाबा दिसतो!

(रोजनिशीचीही सुरुवात अशीच होते. अडतीस वर्षं शाळा आणि व्यासपीठ. इलाज नाही.)

निर्णय: गावच्या जवानांची वेबसाइट काढणार. प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकाची हकिकत. मुदत पंधरा दिवस.

१५ ऑक्टोबर
पुतणी संयोगिता सांगलीला, विश्रामबागेत, वेबसाइटच्याच ऑफिसात आहे. फोन केला. म्हणाली, एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे, जगातल्या कितीतरी वेबसाइट त्यावरच चालतात, टाईप करता येणाऱ्या कोणालाही जमतं. मी म्हटलं, मग झालं काम. म्हणाली, काका, तीच तर भीती आहे. उभी करायला एक दिवस, सांभाळायला जन्म. अपडेट वेळेवर करायचे. बॅकअप, म्हणजे सगळ्याची वेगळी प्रत, कायम ठेवायची. आणि प्लगइन कमीत कमी. प्लगइन म्हणजे ट्रॅक्टरला मागं रोटाव्हेटर जोडतात तशी बाहेरून जोडायची अवजारं. प्रत्येक अवजार वेगळ्याच माणसानं केलेलं, आणि मोडलं की कोणीच जबाबदार नाही.

या पिढीत उत्साह म्हणून नाही.

२ नोव्हेंबर
फोटो गोळा करतोय. आज राहीबाईंकडे. नवरा कृष्णात, एकाहत्तरच्या लढाईत गेला. लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालेलं. लोणंदला गाडीत बसायच्या आधी स्टेशनसमोरच्या स्टुडिओत त्यानं फोटो काढला होता. तोच एक.

ट्रंकेतून काढला, पदरानं पुसला, पण हात सुटेना. गुरुजी, परत द्याल न्हवं, म्हणाल्या. फोटू बगितला न्हाई तर त्यांचं त्वांड आटवत न्हाई मला आता. मी म्हटलं, बाई, आता सारं जग त्यांचं तोंड बघेल. त्या म्हणाल्या, जगाला काय करायचंय?

अडाणीपणाही किती निरागस असतो.

१७ नोव्हेंबर
पंधरा दिवसांची मुदत वाढवली. महत्त्वाच्या कामात घाई नको.

संयोगिता येऊन वेबसाइट उभी करून गेली. तिच्या मते ॲडमिन एकच असावा. म्हणजे पूर्ण अधिकार, सगळ्या चाव्या, एकाच माणसाकडे. बाकीचे लेखक, नाहीतर नुसते वाचक. सॉफ्टवेअरमध्येच तशा पायऱ्या आहेत.

संध्याकाळी या कामासाठी नेमलेल्या तेवीस जणांच्या समितीची बैठक. पायऱ्या ऐकताच पेटली. सोसायटीचे चेअरमन लालासाहेब म्हणाले, गुरुजी, आमी नुसतं वाचायचं व्हय? तुमच्या हाताखाली? सुभेदार आकाराम उठून उभे राहिले. तीस वर्सं फौजेत काढून सुभेदार झालो आन् हितं तुमी मला पुन्हा शिपाई करताय! ज्यांना कधी माइक मिळाला नव्हता तेही बोलले.

लग्नपत्रिकेत एक नाव राहिलं तर तीन पिढ्या येणं-जाणं बंद होतं, हे संयोगिताला सांगलीत बसून कसं कळणार? मी तोडगा काढला. तेविसाच्या तेवीस सदस्यांना ॲडमिन केलं. पासवर्डही सगळ्यांना एकच. समता ही अशी आचरणात आणायची असते.

संयोगिताला कळवलं. फोन मध्येच कट झाला. नेटवर्क खराब असावं.

२० डिसेंबर
समितीचा उत्साह अपूर्व. आकारामांनी फडकणारा झेंडा बसवला. कोणीतरी वरून फुलं पडायची सोय केली. पान उघडलं की बिगुल वाजतो, तो बंद कसा करायचा कोणाला माहीत नाही. पहिल्या पानावर लालासाहेबांचा वाढदिवस. एकंदर सदतीस प्लगइन. पान उघडायला चार मिनिटं लागतात. भव्य गोष्टींना वेळ लागतोच.

१९ जानेवारी २०२५
सगळे फोटो वेबसाइटवर चढले. फोनमधून काढून टाकले. तिथं जागा माझ्या भाषणांना लागते.

आज संगम माहुलीला मूळ फोटो कृष्णेत सोडले. देवांच्या जुन्या तसबिरी आपण कचऱ्यात टाकत नाही, पाण्यात सोडतो. जवान काय देवापेक्षा कमी आहेत? बावीस मिनिटं बोललो. श्रोते दोन, लालासाहेब आणि एक होडीवाला. कागद कुजतो, इंटरनेट अमर आहे! होडीवाल्यानं मान हलवली.

राहीबाईंना सांगायचं राहिलं. सांगू सावकाश.

२६ जानेवारी
उद्घाटन. शाळेच्या हॉलची खिडक्या-दारं लावून पडद्यावर वेबसाइट दाखवली. कृष्णातचा फोटो आला तेव्हा मी मंचाच्या मधोमध उभा राहून बोललो. पस्तीस मिनिटं. प्रोजेक्टरचा सगळा झोत माझ्या अंगावर. तेज दिसलं असणार. मोबाईल वर करून सगळे फोटो काढत होते. पहिल्या रांगेत राहीबाई सारखा हात हलवत होत्या. भारावल्या होत्या.

फोटो नदीत सोडल्याचं त्यांना तिथंच, माइकवरून सांगितलं. म्हणजे एका दमात दुःख आणि गौरव दोन्ही पोचले. त्या खाली बसल्या.

३ फेब्रुवारी
दर सोमवारी राहीबाई माझ्या ओसरीवर येतात, कॉम्प्युटरवर नवरा बघायला. चार मिनिटं झेंडा, फुलं, बिगुल, लालासाहेब. त्या डोक्यावरून पदर घेऊन वाट बघतात. आज म्हणाल्या, आवं गुरुजी, टरंक उगडली की लगीच दिसायचं त्ये.

उपकाराची जाणीव नाही.

१२ फेब्रुवारी
परदेशातून चारशे बारा अभिप्राय! वेबसाइटवर चढवलेल्या माझ्या भाषणाखाली, सगळे इंग्रजीत. असंच लेखन मी आयुष्यभर शोधत होतो, असं एकजण लिहितो. केस गळतीवरचं औषध विकतो. सगळ्यांना मंजुरी दिली. प्रत्येकाची लिंक उघडून पाहिली, शिष्टाचार म्हणून. कोरेगावात टाळ्या मिळायला अडतीस वर्षं लागली. युरोपला एक आठवडा पुरला.

संयोगिता म्हणते, काका, ती माणसं नाहीत. मत्सर घरातूनच सुरू होतो.

२० फेब्रुवारी
उद्घाटनाचा व्हिडिओ चढवायला जागा पुरेना. शोधलं तर बॅकअप नावाचं भलं मोठं बाड. उघडून पाहिलं. आहे तेच पुन्हा! काढून टाकलं. भाषण चढलं.

११ मार्च
वेबसाइट कोरी, पांढरी. कोणीतरी अपडेटचं बटण दाबलं. तेवीस जणांची चौकशी केली. बाविसांनी दाबलं होतं, प्रत्येकाला वाटलं बाकीचे विसरले असतील. तेविसावा मी, माझा प्रश्नच येत नाही.

(मी दोनदा दाबलं. पहिल्यांदा काही झालं नाही म्हणून.)

१७ मार्च, सोमवार
वेबसाइट आपोआप सुरू! पण एकतीस जवानांच्या जागी पत्त्यांचे डाव आणि तोकड्या कपड्यांतल्या बायका. भाषा अनोळखी. बिगुल मात्र वाजतो.

राहीबाई ओसरीवर आलेल्या. दोन्ही हातांनी पडदा झाकला. त्या म्हणाल्या, बगू द्या की. मी म्हटलं, जवान आज सुट्टीवर आहेत. त्या म्हणाल्या, चोपन्न वर्सं सुट्टी न्हाई मिळाली त्यांना.

२३ मार्च
संयोगिता सांगलीहून आली. दिवसभर बसली. सगळं पुसलंय, परत येणार नाही. कोणी कधी काय केलं, याच्या वेबसाइटमधल्या नोंदी वाचून दाखवल्या. चोर आमच्याच पासवर्डानं आत आले. बॅकअप असता तर तासाभराचं काम होतं. तो २० फेब्रुवारीला कोणी काढला, तेही तिनं मोठ्यानं वाचलं. ओसरीवर नऊ माणसं होती. हळू वाचता आलं असतं.

तीस घरांनी मला फोटो देण्याआधी त्याचे मोबाईलवर फोटो काढून ठेवले होते म्हणे. केवढा अविश्वास! अडतीस वर्षांची सेवा, आणि हा विश्वास! पूर्ण विश्वास एकट्या राहीबाईंनी ठेवला. त्यामुळे अडचण एवढी त्यांचीच आहे.

६ एप्रिल
मार्ग मलाच सुचला. २६ जानेवारीला सगळ्यांनी पडद्याचे फोटो काढले होते! संयोगितानं घरोघर फिरून चौसष्ट जमवले, कागदावर छापले. चौसष्टात मी आहे. मधोमध. मागं कृष्णातची टोपी, कुठं एक खांदा.

राहीबाईंनी प्रत्येक फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला. ह्यात बी तुमीच हायसा, म्हणाल्या. संयोगितानं विचारलं, आजी, त्या दिवशी तुम्ही हात हलवून काय सांगत होता? म्हणाल्या, गुरुजी जरा बाजूला सरा, म्हणत हुते. त्यांचं त्वांड झाकलं जात हुतं.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

११ एप्रिल
आणखी एक सापडला, तोही छापला. झोतात उभ्या माझ्या पांढऱ्या शर्टावर कृष्णातचा चेहरा पडलाय. पोटावर, थोडा ताणलेला, पण ओळखू येतो. राहीबाईंनी कात्री मागितली. मला वाटलं, कडा नीट करायच्या असतील. त्यांनी माझं डोकं कापलं. मग हात. मग पाय. उरलं ते फ्रेममध्ये घातलं. कृष्णातच्या नाकावर माझ्या शर्टाचं बटण आहे.

फ्रेमला हार घातला. सगळ्यांनी नमस्कार केला. मीही केला.

वेबसाइट बंद. नवी काढणार नाही. आज बोलायला कोणी सांगितलं नाही, म्हणून इथंच लिहितो आणि एवढंच गावाच्या ग्रुपवर टाकतो.

बंधू-भगिनींनो! २६ जानेवारीचा एखादा असा फोटो, ज्यात मी बाजूला उभा आहे, कोणाच्या मोबाईलमध्ये राहिला असेल, तर त्यानं तो आजच कागदावर छापून राहीबाईंच्या हातात नेऊन द्यावा. माझ्याकडे आणू नये.