सरव्याची टोपली

शनिवार, संध्याकाळ

टोपली अजून ओसरीवरच आहे. आत घ्यायचा मला धीर होत नाही.

दुपारी रेवती ती मिरवतच घेऊन आली. कापणीनंतर आमच्या शेतातल्या बांधीत पडलेल्या धानाच्या लोंब्या, सरवा, म्हातारी जनाबाई वेचत होती. माझ्या दहा वर्षांच्या पोरीने तिला हाकललं आणि टोपली मागून घेतली. जनाबाईने मुकाट्याने दिली म्हणे.

"धान आपलं आहे नं, आई? तूच तं म्हणते, हे सगळं माझंच होईन!"

हो, मीच म्हणते. उठता-बसता म्हणते. पण सरवा वेचणाऱ्याला कोणी अडवत नसते, हे मात्र कधी सांगितलं नाही. काऊन?

"एवढ्यासाठी सकाळपासून वाकली असेल ती," एवढंच म्हणाले.

"तुले कसं मालूम?"

मी तिला हातपाय धुवायला पिटाळलं.

उद्या टोपली रेवतीच्याच हाताने परत द्यायला लावीन. पण जनाबाईने तोंड उघडलं तर? हे शेत आम्ही घेतलं त्याच्या कितीतरी आधी, याच बांधीत, तिच्यासोबत मीही वेचत होते.

"असे लोक चोर असतात," रेवती म्हणाली. मी रागावलेही नाही. रागावले असते तर सांगावं लागलं असतं, त्या लोकांतली मी.