सातव्या देगेचा पत्ता

नागापूर,
बुधवार

आदरणीय खातून फुफींना कैनातचा अदबीने सलाम.

तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का? काळ्या शेळीला दोन पिल्लं झाल्याचं ऐकलं, बरं वाटलं. तुमच्या काशिफभाईंच्या नव्या दुकानाच्या दावतीला मला येता आलं नाही, याचा राग धरू नका. त्या दिवशी मी कागदपत्रं द्यायला जामखेडला गेले होते. आम्ही इकडे अल्लाहच्या कृपेने ठीक आहोत. अम्मीचा खोकला गेला. आब्बांचा, म्हणजे तुमच्या भावाचा, आहे, पण तो फक्त मी जामखेडचं नाव काढलं की येतो. फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. आपल्या घरात फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय कुणालाच बोलता येत नाही, आणि हे सगळ्या गल्लीला ऐकवण्यासारखं नाही.

जामखेडच्या कॉलेजात मला सी भाषा शिकवायला बोलावलं आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. (सी म्हणजे संगणकाला काम सांगायची भाषा. फार जुनी आणि कडक स्वभावाची. आपल्या दादीसारखी, एकदा सांगितलं की पुन्हा सांगत नाही.) राहायचं तिथेच, मुलींच्या वसतिगृहात. घरातली पहिली पदवीधर मी. मला मिळालं ते माझ्यामागच्या मुलींना मिळालं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. आब्बांना हे मी इतक्यांदा ऐकवलं आहे की आता उरलेलं वाक्य तेच पूर्ण करतात. आणि मग म्हणतात, गनीभाई म्हणतील तसं.

गनीभाई म्हणजे आपल्या जमातीच्या देगा, ती दावतीची मोठाली भांडी, सांभाळणारे, सगळ्या मोहल्ल्याचे भाई. त्यांनी मला बोलावून विचारलं की हे सी म्हणजे नेमकं काय. आता खरं सांगते, नमुन्याचा तास घेताना मरिया नावाच्या मुलीने विचारलं होतं, "मॅडम, पॉइंटर कशाला हवा? वस्तूच द्यायची की सरळ!" आणि पेपरात पैकीच्या पैकी मिळवलेली मी, हातात खडू असताना खडू शोधत राहिले होते. उत्तर सुचलं ते परत आल्यावर. मशिदीमागच्या देगांच्या खोलीसमोर वैजनाथचा टेम्पो उभा होता. चार माणसं घामाघूम होऊन एक देग उतरवत होती आणि दुसरी चार माणसं तीच देग पुन्हा चढवायला तिथेच उभी होती. म्हटलं, एवढं ओझं दोनदा कशाला? देग आहे तिथे राहू द्या, ती कुठे आहे एवढं पुढच्याला कळवा. पॉइंटर म्हणजे तरी दुसरं काय! वस्तू नव्हे, वस्तूचा पत्ता.

हेच मी गनीभाईंना समजावलं आणि म्हटलं, प्रत्येक देगेचा एक पितळी बिल्ला करू. ज्याच्या घरी देग असेल त्याचं नाव बिल्ल्याला चिकटवायचं. पुढच्याला बिल्ला द्यायचा, म्हणजे तो थेट तिथूनच देग नेईल.

"बिल्ल्यात भात शिजतो का बेटा?" गनीभाई म्हणाले.

"नाही शिजत. पण भात कुठे शिजतोय ते कळतं."

ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग म्हणाले, महिनाभर देगा तुझ्याकडे. नीट चालल्या तर मी स्वतः तुझ्या आब्बांना सांगतो, मुलीला जामखेडला पाठव.

फुफी, पहिला आठवडा असा गेला की मी मनातल्या मनात जामखेडला जाऊन पोचले होते. मग सलमानचा बिल्ला हरवला. (सलमान, अंडेवाल्यांचा.) मी उदारपणे दुसरा करून दिला. पहिला त्याला कुर्त्याच्या खिशात सापडला, तो त्याने मित्राला देऊन टाकला. एका देगेचे दोन पत्ते दोन घरी! सलमानच्या घरच्यांनी सकाळी देगेत केशरी जर्दा भात शिजवला. मित्राची माणसं आली, बिल्ला दाखवला आणि भरलेली देग उचलून घेऊन गेली. तिकडे मित्राकडे बाळाच्या अकीक्याला बिर्याणीची वाट बघत बसलेल्या पाहुण्यांनी गोड भात खाल्ला आणि इकडे सलमानचे पाहुणे नुसतं पाणी पिऊन, दुवा देऊन गेले. (सीच्या पुस्तकात लिहिलंच आहे की अशाने काय होईल ते सांगता येत नाही. मी ते वाक्य पाठ केलं होतं, समजलं आता.)

त्यानंतर शेजारच्या आक्काबाई. त्यांच्या नातवाच्या बारशाला मी देग दिली. सीमध्ये संगणकाकडून मागून घेतलेली जागा आधी पुसलेली नसते, पहिल्याचं उरलंसुरलं तसंच असतं, हे सांगायचं राहून गेलं. आदल्या घरी त्या देगेत लाल मिरचीचा रस्सा झाला होता. आक्काबाईंनी शिरा केला. संध्याकाळी दारात येऊन म्हणाल्या, "पोरी, लई शिकलीस म्हनं. मंग शिरा खाऊन पाहुन्यांच्या डोळ्यात पानी का आलं, ते तेवढं सांग." मी तिथेच बसून देग घासली. आक्काबाई उभ्या राहून डाग दाखवत होत्या.

एवढंही निभावलं असतं. पण गनीभाईंनी देगा मोजल्या, तर सहा. सगळ्यांत मोठी, सातवी, कुठेच नाही! देग बाहेर गेलेली आहे, परत आलेली नाही, आणि तिचा बिल्ला तर माझ्याच पेटीत, कुणाचंच नाव न चिकटवलेला. सीमध्ये असा पत्ता हरवला तर ती जागा कायमची वाया जाते. गनीभाई इतकंच म्हणाले, जुम्म्याच्या नमाजनंतर सातही देगा दिसल्या तर माझा शब्द कायम. नाही दिसल्या तर जामखेडचा विषय पुन्हा काढायचा नाही. जुम्मा परवा आहे.

सगळा मोहल्ला पालथा घातला. आब्बांनी तर कमाल केली, सुट्टी काढून शोधायला आले. कब्रस्तानाची मागची बाजू बघितली, शाळेचा संडास बघितला, घरी खाटेखालीसुद्धा वाकून बघितलं. (दोनशे माणसांची देग, फुफी!) मी म्हटलं, आब्बा, तुम्ही दमलात. तर डोळ्याला डोळा न भिडवता म्हणाले, आपली मुलगी आहेस, शोधायला नको?

वडीलधाऱ्यांना सलाम, लहानांना प्यार. दुवा असू द्या.

तुमची,
कैनात

ता. क. पत्र घ्यायला वैजनाथ आला आहे, आजच बाहेरगावाहून परतलाय. तो उद्या पेरू आणायला तुमच्या राहात्याला येतो आहे. पाकिटावरचा पत्ता वाचून म्हणाला, "ताई, हितं तर दावतीच्या वक्ताला मी मोठी देग टाकून आल्तो की! तुमचे आब्बा टेम्पोत शेजारीच बसले हुते. म्हनले, घरचीच पोरगी सांभाळती, बिल्ला कशाला?" तुम्ही शेळ्यांना तिच्यातून पाणी पाजता असंही तो म्हणाला.

ता. ता. क. आब्बा शरमेने गप्प बसले, की देग सापडली तर मी जाईन म्हणून, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही खरं असावं. दुसरं कारण सुचल्यावर मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

ता. ता. ता. क. आता खरी विनंती. शेळ्यांना बादली द्या आणि देग वैजनाथबरोबर पाठवा. गनीभाईंना फोन करून सांगा की दावतीसाठी तुम्ही परस्पर मागवली होती आणि परत करायची विसरलात. हे खोटं आहे हे आब्बांना कळेलच. देग त्यांनीच नेली हे मला कळलं आहे, हे मात्र त्यांना कळता कामा नये.