पोटरीपर्यंतचा दाब

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत. फक्त जिना चढताना माझी उजवी पोटरी भरून येते, थांबलं की मोकळी. डॉक्टर म्हणाले, पायाची रक्तवाहिनी अरुंद झालीय आणि रक्तदाबही वाढलाय. दाब उतरवायची गोळी दिली. आता मला सांग, माझा उभा जन्म पंप दुरुस्त करण्यात गेला. पाइप गंजून चिंचोळा झाला, तर वरच्या मजल्यावर पाणी पोचवायला दाब वाढवतात की कमी करतात? शरीराने अक्कल लढवून दाब वाढवलाय, त्यात मी कशाला खोडा घालू? आठवडाभर गोळी बंद आहे. तू हृदयाच्या वॉर्डात नर्स होतीस, म्हणून विचारतो. ओरडू नकोस. माया आहेच, ती असू दे.

तुझा धाकटा

९ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आधी गोळी घे, मग पुढचं वाच. घेतलीस?

प्रश्न मात्र फक्कड विचारलास. अडथळ्याच्या पलीकडे दाब कमी होतो हे खरंच. बसल्या जागी पायाला तेवढं रक्त पुरतं, चढताना कमी पडतं. पण शहाण्या, एका नळासाठी तू अख्ख्या घराचा दाब वाढवून बसलायस! तो तडाखा मेंदूतल्या बारीक नळ्यांनाही बसतो. एखादी फुटली तर तुझी वाचा जाईल, आणि तुझी बडबड ऐकल्याशिवाय मला करमत नाही रे. शिवाय छातीतला पंप जळाला तर दुसरा कुठून आणशील? डॉक्टरांना दंडाचा नि घोट्याचा, दोन्ही दाब मोजायला सांग, म्हणजे पायातला अडथळा किती ते कळेल. उलट टपाली कळव.

जिवाला घोर लागलेली,
ताई

१७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गोळी घेतली, रोज घेतोय. माझं पंपपुराण ऐकून डॉक्टर आधी हसले, मग चांगलेच झापले. उजव्या घोट्याचा दाब दंडाच्या जेमतेम अर्धा भरला! यंत्र लावून रक्ताचा आवाजही ऐकवला. डाव्या पायात ठसठशीत ठोके, उजव्यात नुसती कुजबुज. मी पुन्हा पुन्हा ऐकवायला लावलं, बाहेर पेशंट खोळंबले.

आता कळ येईपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. चालत राहिलं तर आजूबाजूच्या बारीक वाटा रुंदावू शकतात आणि रक्त वळसा घालून पायात उतरतं म्हणे. ताई, माझ्या एकाही पाइपने कधी आपणहून वाट काढली नाही गं! रस्त्यात कळ आली की थांबतो, आणि आत काय चाललं असेल या विचाराने हरखून जातो. एवढ्यात मरायचं नाही मला. हे सगळं बघायचंय.

तुझ्या लोभातला,
धाकटा