अठरा नंबरची हजेरी

गुरुजी, तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, तरी सकाळी सातला तुमची हाक येते. "अठरा!" हजेरीपटावरचा माझा नंबर. मी "हजर" म्हणतो. आई चुलीपासून विचारते, "कोनाशी बोलतोस रं?" घाटघरच्या भगताकडं जाऊ, म्हणते. मी टाळतो.

चौदाव्या वर्षी मी शेजारच्या तात्यांची कडब्याची गंजी पेटवली. त्यांनी चारचौघांत कानफटात मारली होती, एवढंच कारण. पोलीस मला पुण्याच्या रिमांड होममध्ये धाडणार होते. तुम्ही पेठच्या स्टँडवर पहिली एसटी धरलीत, बालन्यायालयात लिहून दिलंत की पोरगं गावातच राहील, तात्यांकडं राबेल, रोजची हजेरी मी घेईन. तात्या भडकले, "ज्यानं जाळलं त्यालाच माझ्या गोठ्यात आणताय व्हय, गुरुजी?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "कोंडून त्याला काय दिसणार? तुमच्या म्हशीपुढं उभा राहू दे. तिचा घास जाळलाय त्यानं." मग रोज उजाडताच बांधाचं गवत कापून मी गोठ्यात टाकायचो. थोरली म्हैस कितीतरी दिवस माझ्या हातचं खायची नाही, नुसती बघत राहायची. सातला तुमची सायकल भिंतीपलीकडं थांबायची. हाक, हजर, सायकल पुढं. आत कधी डोकावला नाहीत.

थंडीतली ती सकाळ. हाक येते, मी ओ देतो, तेवढ्यात तात्या गोठ्यात शिरतात. "कोनाला हजर म्हनलास?" "गुरुजींना." "आरं, गुरुजी पहाटंच गेलं. मी आत्ता तिकडूनच आलो." मी धावत बाहेर आलो. दवानं भिजलेल्या मातीत चाकाची रेघ नव्हती.

पुढं कॉलेजात गेलो, आणि वर्गातल्या एका मुलीवरून एकाचं नाक फोडून दुसऱ्याच वर्षी बाहेर पडलो. परवा राजुरीत तिचं लग्न होतं. मी रॉकेलचा डबा घेऊन मांडवामागं उभा. भर दुपार, बँड वाजतोय, कनात हाताला लागतेय. काडी काढली आणि अगदी कानाशी, "अठरा!" ही काही सातची वेळ नव्हती. तोंडातून निघून गेलं, "हजर." पातेल्यापाशी बसलेला आचारी वळला. "हजर हाईस तर बुंदीची पाटी उचल की राव! पंगत बसलीय. आन् त्यो डबा हिकडं दे, चूल इझाया लागलीय." मी पाटी उचलली. नवरदेवाला वाढली, तिलाही वाढली. तिनं मान वर केली नाही.

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. कनातीच्या फटीतून मला आत सतरंजीवर दोन लेकरं झोपलेली दिसली होती. काडी मी त्यानंतर काढली. तुम्ही ज्याच्यासाठी शब्द टाकलात तो असा आहे, हे सांगायला बसलो होतो, आणि हा कागद धाडायला पत्ताच नाही याचं, गुरुजी, मला मनातून बरं वाटतंय.